शिक्षक परराज्यात, वर्ग वाऱ्यावर

कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि पुढचे रूळ गोवा, कारवार, उडुपी करत मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जातात. डी.एड. करून, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास होऊन, टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी देऊन घरी बसलेल्या रोह्याच्या मुलीला म्हणूनच गोवा लांब वाटत नाही. इथे भरती नाही ना, मग तिथे बघू, असं ती म्हणते आणि जाहिरात उघडते. पहिली अट, गोव्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य. दुसरी अट, कोकणी यायलाच हवी. मराठी येत असेल तर उत्तम. विषय तिथेच संपतो.

प्राध्यापक व्हायला निघालेल्यांचं दुखणं याहून वेगळं नाही. सेट ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी एकत्रच घेतं. म्हणजे पेणच्या मुलाची पात्रता पणजीत चालते. पण सरकारी महाविद्यालयाची जागा निघाली की वास्तव्याचा दाखला पुढे येतो आणि तो पुन्हा पेणला येऊन तासिका तत्त्वावर शिकवू लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तासिका नाहीत, म्हणून मानधनही नाही.

मला यातून एकच गोष्ट सांगायची आहे. राज्य सरकार शिक्षकांच्या पगारावर जी काटकसर करतं, तिच्यामुळे पेण-रोह्याचा शिक्षक जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर ढकलला जातो आणि त्याच वेळी पेण-रोह्याच्या वाडीवरचा वर्ग शिक्षकाविना राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून होतात. तरी मंत्रालयात एकीला ‘बेरोजगारी’ म्हणतात, दुसरीला ‘कमी पटाचा प्रश्न’ म्हणतात आणि दोन्हींच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहतात.

ही काटकसर कालची नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला महिना तीन हजार रुपये, तीन वर्षं, मग कायम. तेव्हा सांगितलं गेलं की तिजोरीवर ताण आहे, थोडं सोसा. पुढे मानधन सहा हजार झालं आणि दहा वर्षांहून जास्त काळ सहा हजारावरच थांबलं. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झालं. डोळ्यांसमोर आणा: दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दोन-दोन परीक्षा, निवड यादीत नाव आणि मग परक्या जिल्ह्यात खोली भाड्याने घेऊन महिना सहा हजारांत तीन वर्षं. हे सोसून जे गुरुजी आणि बाई आज वर्गात उभे आहेत, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांना ज्या व्यवस्थेने हे सोसायला लावलं, तिच्याविषयी नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. खोटा पट दाखवणारे संस्थाचालक होते, त्याकडे डोळेझाक करणारे अधिकारी होते. शिक्षा कुणाला झाली? नोकरीची वाट पाहणाऱ्यांना. २ मे २०१२ ला भरतीवर बंदी आली, आधी अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन, मगच नवी नेमणूक. त्याआधीच्या काही वर्षांत डी.एड. कॉलेजांना परवानग्यांची खैरात झाली होती. शेत विकून, दागिने गहाण ठेवून, देणगी भरून मुलंमुली तिथून बाहेर पडली आणि समोर बंद दार. २०१७ मध्ये शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पहिली टेट झाली. जाहिराती निघायला २०१९ उजाडलं. ती भरती अर्धीमुर्धी होते न होते तोच ४ मे २०२० ला वित्त विभागाचा कोरोनाचा आदेश आला: विकासाच्या योजनांना तेहेतीस टक्केच निधी, नवी भरती बंद. दुसरी टेट २०२३ मध्ये. तिच्यावर आधारलेली जाहिरात फेब्रुवारी २०२४ मध्ये, २१,६७८ पदांची. पहिल्या फेरीत नावं लागली ११,०८५ जणांची.

या तारखा एका माणसाच्या वयाला लावून पाहा. २०१० साली विसाव्या वर्षी डी.एड. झालेली पेणची मुलगी २०२४ मध्ये चौतीस वर्षांची झाली. खुल्या वर्गाची वयोमर्यादा अडतीस आहे. मधल्या चौदा वर्षांत तिने शिकवण्या घेतल्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चार-पाच हजारांवर शिकवलं, गणपतीच्या हंगामात हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत मूर्तीला रंग दिला. कष्टात ती कुठेच कमी पडली नाही. तिच्या हातात नव्हती ती एकच गोष्ट, सरकारची जाहिरात.

आता उलटी बाजू. रायगड जिल्हा परिषदेच्या शाळेत जा आणि गुरुजींना गाव विचारा. बीड, लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूर अशी उत्तरं येतील. टेटच्या गुणांवर राज्यभरची एक यादी लागते, उमेदवार जिल्ह्यांचे पसंतीक्रम भरतात आणि जागा मिळेल तिथे जातात. या माणसांनी कोकणातल्या शाळा चालत्या ठेवल्या आहेत, हे आधी स्वच्छ म्हटलं पाहिजे. पावसाळ्यात ओढा ओलांडून वाडीवर जाणारे गुरुजी मराठवाड्याचे आहेत, म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर त्याने आधी तो ओढा ओलांडून पाहावा. पण म्हातारे आईबाप सहाशे किलोमीटरवर, मुलांच्या शाळेचा प्रश्न, नवऱ्याची नोकरी तिसऱ्याच जिल्ह्यात. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्यांचं लक्ष आंतरजिल्हा बदलीकडे असतं आणि त्यात त्यांचा दोष नाही. वाडीवरची मुलं त्यांना ओळखू लागतात, त्यांना मुलांची बोली कळू लागते आणि बदलीची यादी लागते. जागा पुन्हा रिकामी. ती भरायला पुन्हा टेट, पुन्हा पोर्टल, पुन्हा न्यायालयातल्या याचिका.

म्हणजे बीडचा माणूस पेणला, पेणचा माणूस सुरतेला, आणि दोघांचं मन घरी. राज्याने नेमाने दरवर्षी भरती केली असती तर यातल्या निम्म्या जणांना घराजवळची जागा कधी ना कधी मिळाली असती. दहा-बारा वर्षांत दोनदा भरती निघते, म्हणून माणूस मिळेल ती जागा पकडतो.

‘स्थानिकांना प्राधान्य द्या’ ही मागणी कोकणातले डी.एड.धारक वर्षानुवर्षं करत आहेत. त्यांची तळमळ मला कळते, तरी जन्मगावाचा दाखला बघून नोकरी द्यावी असं मी म्हणणार नाही. राज्यघटनेचं कलम १६ जन्मस्थान आणि वास्तव्य यांवरून सरकारी नोकरीत भेद करायला मनाई करतं आणि ते योग्य आहे. नाहीतर उद्या प्रत्येक तालुका आपली वेस बंद करील. पण टेट कशाची परीक्षा घेते ते बघा. दोनशे प्रश्न, दोन तास, अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता. ज्या मुलांना शिकवायचं त्यांची बोली कळते का, हे त्यात कुठेच विचारत नाहीत. पहिलीत आलेलं कातकरी मूल घरी प्रमाण मराठी बोलत नाही. आगरी घरातलं मूलही आपली बोली घेऊनच येतं. जो शिक्षक ती बोली जाणतो, मग तो कुठल्याही जिल्ह्यात जन्मलेला असो, त्याला काही गुण अधिक द्यायला कुठलं कलम आड येतं?

तर परराज्य. पेण-रोह्याच्या उमेदवाराने जायचं ठरवलं तर दारं कोणती आहेत, ते एकदा नीट पाहू. कारण शिकवण्यांचे वर्ग चालवणारे आणि एजंट यांतलं निम्मंच सांगतात.

सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, सिल्वासाकडेही मराठी शाळा आहेत, वापी ते बडोद्यापर्यंत मराठी वस्ती आहे. पण गुजरातने २०२३ मध्ये ‘ज्ञान सहायक’ योजना आणली: करार अकरा महिन्यांचा, प्राथमिकला महिना एकवीस हजार, माध्यमिकला चोवीस. कायम नोकरीच्या आशेवर असलेले तिथलेच उमेदवार याविरुद्ध गांधीनगरच्या रस्त्यावर उतरले होते. तिजोरी वाचवायची युक्ती दोन्ही राज्यांची एकच आहे, फक्त योजनेचं नाव बदलतं. सोळा हजार सोडून एकवीस हजारांसाठी घर सोडायचं, भाडं भरायचं आणि अकराव्या महिन्यात पुन्हा रांगेत उभं राहायचं, याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

बिहारने जून २०२३ मध्ये रहिवासाची अट काढून टाकली आणि एक लाख सत्तर हजार शिक्षकांची भरती सगळ्या देशाला खुली केली. दुसऱ्या राज्यांतून, विशेषतः उत्तर प्रदेशातून, उमेदवार तिकडे धावले, निवडलेही गेले. पाटण्यात तिथल्या मुलांनी आंदोलनं केली, निवडणूक जवळ आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्यमंत्री नीतीश कुमार यांनी पुढच्या भरतीत बिहारच्या रहिवाशांना प्राधान्य देण्याचं जाहीर केलं. दोनच वर्षांत दार उघडलं आणि लोटलंही गेलं. परराज्यातलं दार कुणाच्या मतांवर उघडतं आणि मिटतं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. तिथे तुम्ही मतदार नसता.

आणि पक्की नोकरी म्हणजे किती पक्की? ३ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या २५,७५३ शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द केल्या, कारण निवडीतच घोटाळा होता. त्यात प्रामाणिकपणे पास झालेलेही गेले. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये टीईटी घोटाळ्यात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली होती, हे विसरू नका. पैसे घेऊन पास करणारा प्रत्येक जण एका प्रामाणिक उमेदवाराला परराज्याच्या गाडीत बसवतो.

मागासवर्गीय उमेदवारांना तर एक गोष्ट कुणीच वेळेवर सांगत नाही. एका राज्याचं जातीचं आरक्षण दुसऱ्या राज्याच्या नोकरीत चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, २०१८ मध्येही. रोह्याची कातकरी समाजातली मुलगी, जी बहुधा तिच्या वाडीतली पहिली पदवीधर असेल, गुजरातच्या किंवा गोव्याच्या यादीत खुल्या वर्गात धरली जाते. पेणचा आगरी मुलगा इथे ओबीसी, तिथे खुला. अर्ज भरण्याआधी, शुल्क भरण्याआधी हे माहीत असायला हवं. ज्यांना राज्याच्या आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठी परराज्य सर्वांत महाग पडतं.

राहिल्या केंद्राच्या शाळा. केंद्रीय विद्यालयं, नवोदय आणि आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य. इथे मात्र मराठी मुलं कमी अर्ज करतात, असं मला वर्षानुवर्षं दिसतं आणि त्याची हळहळ वाटते. सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी द्या, हिंदी आणि इंग्रजी पक्कं करा, नेमणूक देशात कुठेही होऊ शकते हे गृहीत धरा. पगार नियमित, नोकरी कायम, आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणे लागू. रायगडचं नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. तिथल्या शिक्षकांना भेटा, ते देशभर फिरलेले असतात, खरं काय ते सांगतील. बाहेर जायचंच असेल तर या दाराने जा.

पण एकलव्य शाळांचं काय झालं तेही ऐका, कारण तिथे हाच प्रश्न उलटा उभा राहतो. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ७४० एकलव्य शाळांसाठी ३८,८०० शिक्षक आणि कर्मचारी नेमण्याची घोषणा झाली. भरती दिल्लीतून, परीक्षा देशभर एक, हिंदी यायलाच हवी. उत्तरेकडचे शिक्षक दक्षिणेतल्या आणि मध्य भारतातल्या आदिवासी मुलांसमोर उभे राहिले. मुलांना त्यांचं बोलणं कळेना, त्यांना मुलांचं. मग बदल्यांच्या अर्जांचा पाऊस. त्या शिक्षकांना दोष देऊ नका. ते आपल्या रोह्याच्या मुलीसारखेच पोटासाठी परराज्यात आलेले होते. मूल शिक्षकाचं बोलणं समजून घेतच शिकतं, ही साधी गोष्ट भरतीची फाईल करणाऱ्यांना सुचली नाही.

आदिवासी शाळांचा विषय निघालाच आहे, तर पेणमध्ये थांबू. रायगडच्या आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे. या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची सूत्रं तिथून हलतात. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांतली १,७९१ पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदार कंपनीमार्फत भरायचं ठरवलं. वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणाऱ्यांना त्यामुळे बाहेरचा रस्ता दिसू लागला. ते नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले. त्याच मे महिन्यात याच विभागाचे सुमारे ३३५ कोटी आणि सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची बातमी आली आणि त्या वेळचे सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी बोलून दाखवली.

मी लाडक्या बहिणीच्या विरोधात नाही. महिना दीड हजार रुपये वाडीवरच्या बाईच्या हातात थेट पडतात, तेल-मीठ येतं, औषध येतं, मुलाला वही येते. ते पैसे तिचे आहेत आणि तिला मिळालेच पाहिजेत. माझं भांडण वेगळं आहे: त्याच बाईच्या मुलाच्या शाळेतून पैसे काढून तिच्या खात्यात टाकले, तर तिला नक्की काय दिलं? २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखवली होती. तूट आहे, कबूल. पण तूट आली की पहिला हात शिक्षकाच्या पदाला का लागतो? रस्त्याच्या निविदेला का लागत नाही? पद रिकामं ठेवलं तर कुणी ठेकेदार बिलासाठी दारात येत नाही, हे त्याचं खरं उत्तर आहे.

हे रोह्याला तरी सांगायची वेळ येऊ नये. या तालुक्याने तिजोरी सांभाळणारी माणसं दिली आहेत. मूळचे रोह्याचे सी. डी. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. पैसा आणि शिक्षण या दोन्ही खात्यांची जबाबदारी त्यांनी एकापाठोपाठ घेतली. सुतारवाडीचे सुनील तटकरे २०१० साली राज्याचे अर्थमंत्री होते. त्यांच्या कन्या अदिती तटकरे यांच्याच खात्याकडे लाडकी बहीण योजना आली. मंत्रालयात रोह्याचा शब्द ऐकला जात नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. मग हा शब्द रोह्याच्या शाळांसाठी टाका. पेणच्या लोकप्रतिनिधींनीही टाकावा. एखाद्या कार्यक्रमाचा नारळ कमी फुटला तरी चालेल.

आता वाडीवर चला. कारण शिक्षकाची जागा कशी नाहीशी होते, ते तिथे कळतं.

शाळेला किती शिक्षक द्यायचे ते संचमान्यतेत ठरतं. ३० सप्टेंबरचा पट धरतात. मुलाचं आधार जुळलेलं हवं. वाचायला सोपं वाटतं. कातकरी वाडीत बाळंतपण अजूनही कधी घरी होतं, कधी वीटभट्टीवर होतं. जन्माची नोंद नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून आधार नाही. असलं तर नाव एक, शाळेच्या पटावर दुसरं. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी किंवा १ जून. मूल वर्गात बसलेलं आहे, खिचडी खातं आहे, पाढे म्हणतं आहे, पण संचमान्यतेत ते नाही. अशी चार-पाच मुलं गळली की एक पद गेलं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयावर शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप हाच होता की सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेला की मंजूर शिक्षक शून्य होतात. शून्य शिक्षकांची शाळा म्हणजे काय असतं, हे निर्णयावर सही करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

दिवाळी झाली की या वाड्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बायको, पोरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन घरं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. काही पार कर्नाटकात. पावसाच्या तोंडावर परत येतात. मूल वाडीवर ठेवून घ्यायचं असेल तर आजीला समजवावं लागतं, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवावा लागतो, मुकादमाशी वाईटपणा घ्यावा लागतो. हे काम करतो तो चार वर्षं तिथे टिकलेला, घराघरात ओळख असलेला शिक्षक. कंत्राटी माणूस जूनऐवजी ऑगस्टला येतो, मार्चला जातो. त्याला आजीचं नाव माहीत होईपर्यंत वाडी रिकामी झालेली असते.

यावर सरकारचे उपाय बघा. २०२३ मध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक वीस हजारांवर घ्या असं ठरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांना पंधरा हजारांवर कंत्राटी नेमणुका. काही महिन्यांत तो निर्णयही रद्द. मधे २०२३ च्या अखेरीस समूह शाळांची टूम: राज्यातल्या वीस किंवा कमी पटाच्या १४,७८३ शाळा एकत्र करायच्या, पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचा दाखला द्यायचा. या शाळांत १ लाख ८५ हजार मुलं होती. डोंगरावरच्या वाडीतलं सहा वर्षांचं मूल पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणार कसं? गाडी देऊ म्हणतात. ज्या वाडीला रस्ता नाही तिथे गाडी कुठून येणार?

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे: साठपर्यंत मुलं असली तरी प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक हवेत. कलम २६ सांगतं, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवता येणार नाहीत. तिजोरीत पैसे नसतील तर पाळू नये, असं कुठलंही उपकलम त्यात नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असेल तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. पन्नाशीच्या आतबाहेरचे गुरुजी पुन्हा अभ्यासाला बसले आहेत. शिक्षकाने कायदा पाळायचा तर सरकारनेही पाळायला हवा.

जे जायला निघाले आहेत, त्यांना थोडं सांगतो. जा, पोट आहे, घर आहे, वय थांबत नाही. पण नेमणूक पत्रात ‘अकरा महिने’ लिहिलं आहे का ते आधी बघा. भविष्य निर्वाह निधी कापतात का आणि खातं नंबर देतात का ते विचारा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. साक्षांकित प्रत द्या, मूळ दाखवून परत घ्या. खाजगी शाळा बाँड लिहून घेत असेल तर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. आणि टेटचा अर्ज सुटू देऊ नका, सिल्वासात असा की सुरतेत. पुढची जाहिरात कधी निघेल हे कुणालाच सांगता येत नाही, हीच तर सगळी तक्रार आहे. स्पर्धा परीक्षांचं वेळापत्रक लोकसेवा आयोग वर्षाच्या आधी जाहीर करतो. शिक्षक भरतीचं का करता येत नाही? किती शिक्षक कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, हे सेवापुस्तकात लिहिलेलं असतं. निवृत्तीच्या तारखा माहीत असताना नेमणुकीची तारीख माहीत नसते, याला निधीची अडचण म्हणत नाहीत. हे ठरवून केलेलं आहे.

जे मागे राहिले आहेत, त्यांच्यासाठी काम आहे. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या तिकिटावर होतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांना चार प्रश्न विचारा. आमच्या शाळेत मंजूर पदं किती? भरलेली किती? रिकामं पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे? आधार न जुळल्यामुळे पटातून किती मुलं वगळली? पेण आणि रोहा या दोन्ही पंचायत समित्यांत एकाच आठवड्यात असे अर्ज पडू द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. उत्तरं आली की त्यांच्या प्रती माझ्याकडे पाठवा. शाळेचं नाव, रिकाम्या जागा आणि तारखा, जसं येईल तसं, मी या सदरात छापणार आहे.